खड्ड्यात की पोत्यात? बालवर्गाला रिसायकलिंग शिकवणारे खेळ, क्रमाने

बालवर्गात कचऱ्याचा खेळ घ्यायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. रंगीत डबे मांडतात, मुलं वस्तू घेऊन पळतात, बरोबर डब्यात टाकली की टाळ्या. मग सुटी होते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत सगळे डबे एकाच पोत्यात रिकामे होतात. पहिली दोन वर्षं मीही असंच केलं. मुलं हिरवा आणि निळा रंग शिकली. वेफर्सचं पाकीट मात्र पूर्वीसारखंच ओट्याखाली सरकवत राहिली.

चूक क्रमात होती. मुलाला आधी वस्तू हातात घेऊन कळली पाहिजे, मग ती कुठे जाते ते, आणि रंगीत डबा सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे साडेतीन ते आठ वर्षांच्या, पंधरा-वीस मुलांच्या गटासाठी आहेत. घरात दोन-तीन मुलं असली तरी चालतात. रोज वीस मिनिटं पुरतात, सगळे टप्पे मिळून महिनाभर लागतो. एका दिवसात 'उपक्रम' उरकायचा असेल, तर फक्त टप्पा २ च्या पहिल्या दिवसाचा खेळ घ्या आणि बाकीचं सोडून द्या. घाईत सगळं घेतलं की मुलांच्या डोक्यात काहीच राहत नाही.

## तयारी: खेळाच्या आठवडाभर आधी

१. आधी चौकशी करा. तुमच्या गावातून कोण काय नेतं? जळगाव, धुळे, भुसावळसारख्या शहरात घंटागाडी येते, लहान गावात बऱ्याचदा उकिरडा आणि भंगारवाला एवढंच असतं. भंगारवाल्यांना थांबवून सरळ विचारा, "काका, काय घेता, काय घेत नाही?" आणि उत्तर लिहून ठेवा. आमच्याकडे रद्दी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, फुटकी बादली, पत्र्याचे डबे, अ‍ॅल्युमिनियम, ठिबकच्या जुन्या नळ्या जातात. आतून चंदेरी असलेली पाकिटं, थर्माकोल, चहाचे कागदी कप, तेलकट कागद कोणी घेत नाही. तुमची यादी वेगळी असू शकते. पुढचा सगळा खेळ या यादीवर चालतो, म्हणून ती पुस्तकातून उतरवू नका.

२. सामान स्वतः गोळा करा. पहिल्या वेळी मुलांना 'घरून कचरा आणा' सांगू नका. पिशवीत ब्लेड येतं, गोळ्यांची अर्धवट पट्टी येते. चाळीसेक वस्तू पुरतात. केळीची साल, वाळलेलं केळीचं पान, शेंगांची टरफलं, अंड्याचं कवच, वर्तमानपत्र, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचा डबा (कडा धारदार नसलेला), वेफर्सची पाकिटं, सुती चिंधी, कागदी कप, शेव बांधून आलेला कागद.

३. धुवा आणि उन्हात वाळवा. साल आणि टरफलं खेळाच्या दिवशी ताजी घ्या. आदल्या दिवशीची घेतली तर चिलटं येतात आणि मुलं नाक दाबून लांब बसतात. 'कचरा म्हणजे घाण' हा धडा तिथेच पक्का होतो.

४. दोनच खोकी मांडा. तीन किंवा चार डब्यांनी सुरुवात केली की लहान मुलं अंदाजाने टाकायला लागतात. एका खोक्यावर हिरवा कागद, दुसऱ्यावर निळा. रंगाबरोबर खरी वस्तूही चिकटवा, एकावर वाळलेलं पान, दुसऱ्यावर बाटलीचं लेबल. काही मुलांना रंगांतला फरक नीट दिसत नाही, आणि ते पालकांनाही ठाऊक नसतं.

> थांबा: कीटकनाशकाची, तणनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा खेळात कधीही घेऊ नका, दहा वेळा धुतलेला असला तरी नाही. कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात अशा बाटल्या बांधावर, गोठ्यात सहज सापडतात. त्या रंगीत असतात, मुलांना आवडतात. खताची पोतीही टाळा, गव्हाचं किंवा ज्वारीचं पोतं वापरा.

> थांबा: पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंमी रुंद असतं. तेवढी किंवा त्याहून लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. तुमच्या वर्गात अशी मुलं नसतील, पण मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून येणारी असतात. सुटी झाकणं, बटणासारखे सेल, छोटी लोहचुंबकं आधीच काढून ठेवा.

## टप्पा १: डबा हलवा, ओळखा (दोन दिवस)

भुलाबाईची गाणी झाली की झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायचा, हे खान्देशातल्या मुलींना सांगावं लागत नाही. तोच खेळ इथे घ्या. स्टीलच्या डब्यात एकच वस्तू ठेवा, झाकण लावा आणि हलवा. वाजतं कसं? खडखड, खसखस, धपधप, की काहीच नाही? मुलांनी अंदाज सांगायचा. मग डबा उघडायचा आणि वस्तू प्रत्येकाच्या हातातून फिरवायची.

विचारायचं एवढंच: गार लागतं का? चुरगळतं का? सोडलं की परत उलगडतं का? कागद चुरगळला तर तसाच राहतो, चंदेरी पाकीट हळूहळू उलगडतं. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना बघू द्या. पाकीट 'कागदाचं' नाही, हे त्यांना इथेच कळतं आणि पुढचा अर्धा गोंधळ वाचतो.

इथे बहुतेक बाई घाई करतात आणि नाव स्वतःच सांगून टाकतात. थांबा. "हाई काय शे?" (हे काय आहे?) असं विचारलं तर आमची मुलं लगेच बोलतात, 'ही वस्तू कशाची बनली आहे?' विचारलं की गप्प होतात. अहिराणी असो, पावरी असो, मूल ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐका. प्रमाण शब्द नंतर येतील.

तपासा: डोळे बांधून, नुसत्या हाताने मुलाला कागद, प्लास्टिक आणि पत्रा ओळखता आला की पुढे जा. साडेतीन वर्षांच्या मुलाला दोनच जमले तरी चालेल.

## टप्पा २: खड्ड्यात-पोत्यात (तीन ते चार दिवस)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण 'ओला कचरा, सुका कचरा' म्हणतो. मोठ्यांना अर्थ माहीत असतो. मूल शब्द जसाच्या तसा घेतं. पाण्याने भिजलेली बाटली त्याच्या दृष्टीने ओली, आणि वाळून कडकडीत झालेलं केळीचं पान सुकं. त्याचं चुकत नाही, शब्दच त्याला तिकडे नेतो. आपण 'चूक!' म्हणतो तेव्हा मूल गोंधळतं आणि पुढच्या वेळी आपल्या चेहऱ्याकडे बघून टाकतं.

'जे कुजतं ते ओलं' ही व्याख्याही पुरत नाही. कागद कुजतो, सुती चिंधीही कुजते, पण रद्दी आपण भंगारात देतो.

म्हणून मी सुरुवातीला ओला-सुका हे शब्दच वापरत नाही. खतासाठी मातीच्या खड्ड्यात जातं ते 'खड्ड्यातलं', आणि भंगारवाले काका पोत्यात नेतात ते 'पोत्यातलं'. वस्तू कुठे जाणार, हेच तिचं नाव.

खेळ तळ्यात-मळ्यातचाच:

१. जमिनीवर खडूने रेघ ओढा. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला पोतं. मुलं रेघेवर उभी.

२. तुम्ही वस्तू उंच धरा. मुलांनी "खड्ड्यात!" किंवा "पोत्यात!" ओरडत त्या बाजूला उडी मारायची.

३. पहिल्या दिवशी सहाच वस्तू, अगदी स्पष्ट. साल, टरफलं, कवच, बाटली, पुठ्ठा, डबा.

४. दुसऱ्या दिवशी वाळलेलं पान आणि ओली बाटली आणा. उड्या दोन्हीकडे पडतील. थांबून विचारा, "हे पान मातीत पुरलं तर? ही बाटली काका नेतील का?" उत्तर मुलांकडून येऊ द्या.

५. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आणि चिंधी घ्या. इथे वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. कागद मातीतही जाईल, पण काकांनी नेला तर त्याचा परत कागद होतो, म्हणून आधी पोतं. हे वाक्य साधं आहे, पण रिसायकलिंग म्हणजे काय ते मुलांना पहिल्यांदा याच वाक्यात कळतं. सावकाश सांगा.

६. चौथ्या दिवशी खरे शब्द जोडा. "खड्ड्यातल्याला मोठी माणसं ओला कचरा म्हणतात, हिरवा डबा. पोत्यातल्याला सुका, निळा डबा." मुलांना ते पटकन बसतं, कारण आत अर्थ आधीच भरलेला असतो.

चुकलेल्याला बाद करू नका. ज्याला अजून जमलं नाही, तेच मूल पहिलं बाहेर बसतं आणि मग भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघतं. चुकलेल्याने पुढची वस्तू धरायची, म्हणजे त्याला ती नीट निरखावी लागते.

वेफर्सचं पाकीट, कागदी कप आणि तेलकट कागद या उड्यांच्या खेळात अजून घेऊ नका. त्यांची पाळी टप्पा ४ मध्ये.

तपासा: ओली बाटली आणि वाळलेलं पान, दोन्ही एकापाठोपाठ दाखवा. गटातली बहुतेक मुलं तुमच्याकडे न बघता बरोबर उडी मारतात का? नसतील मारत, तर आणखी एक दिवस घ्या. पुढचे टप्पे पळून जात नाहीत.

## टप्पा ३: पुरून ठेवा

हा टप्पा २ च्या पहिल्याच दिवशी सुरू करा, कारण निकाल महिन्याने येतो. बऱ्याच जणांना याची आठवण शेवटच्या आठवड्यात होते.

मोठी कुंडी किंवा तळाला भोकं पाडलेला डबा घ्या. शेतातली माती आणि मूठभर जुनं शेणखत मिसळा. चार गोष्टी वेगवेगळ्या कोपऱ्यांत, चार बोटं खोल पुरा: केळीच्या सालीचे तुकडे, कागद, वाळलेलं पान, धुतलेलं वेफर्सचं पाकीट. प्रत्येक जागी काडी रोवून चित्र लावा. वरून जाळी झाका, नाहीतर कोंबड्या आणि कुत्री रात्रीत प्रयोग संपवतात.

> थांबा: कुंडी सावलीत ठेवा आणि माती ओलसर राहू द्या, एका दिवसाआड पाणी. एका एप्रिलमध्ये आमची कुंडी उन्हात राहिली. माती विटेसारखी झाली आणि साल कुजण्याऐवजी चामड्यासारखी वाळली. उकरल्यावर मुलं म्हणाली, "सालबी तशीच शे!" तेव्हा समजावून उपयोग झाला नाही, त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत हा प्रयोग घेऊच नका. पावसाळ्याचा शेवट किंवा दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

पाणी घालण्याची पाळी मुलांना लावा. मधे उकरून बघायचा हट्ट होईल. पंधराव्या दिवशी एकदा बघू द्या, रोज नाही.

## टप्पा ४: रिकामी, विसळ, निथळ, दाब

आता नेमकेपणा. सरबत उरलेली बाटली पोत्यात गेली की आतली रद्दी भिजते आणि मग काका सगळंच नाकारतात. चार जागा आखा, प्रत्येक ठिकाणी दोन मुलं. पहिल्या जागी बाटली रिकामी करायची, दुसऱ्या जागी विसळायची, तिसऱ्या जागी उलटी धरून निथळायची, चौथ्या जागी पायाने चपटी करून झाकण लावायचं. साखळीने बाटली पुढे जाते. शर्यत लावू नका, शर्यतीत विसळणं पहिलं गळतं.

विसळायला एकच टोपलं पाणी, सगळ्या बाटल्यांना तेच, आणि शेवटी ते झाडाला. आमच्याकडे पाणी आठवड्यातून मोजक्या वेळी येतं. नळ सोडून बाटल्या धुतल्या तर एक शिकवताना दुसरं बिघडतं.

त्यानंतर तीन फसव्या वस्तू:

- तेलकट कागद. शेवेचा कागद आणि साधा कागद शेजारी ठेवून दोघांवर पाण्याचा थेंब सोडा. साधा कागद थेंब पितो, तेलकटावर तो तसाच उभा राहतो. कागदाचा परत कागद करताना आधी तो पाण्यात भिजून त्याचा लगदा व्हावा लागतो, म्हणून तेलकट पोत्यात नको. फाडून खड्ड्यात.
- कागदी कप. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी आतून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सुटतो. मुलांना तो सोलायला फार आवडतं.
- चंदेरी पाकीट. प्लास्टिकचे थर आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, सहजासहजी वेगळे करता येत नाहीत, म्हणून काका नेत नाहीत. यासाठी तिसरं खोकं ठेवा, नाव 'कुणीच नेत नाही'. आठवडाभर त्यात फक्त साठवत जा. ते कसं भरतं ते मुलांना रोज दिसू द्या.

## टप्पा ५: 'हात नाही, हाक'

औषधं, सेल, फुटलेली ट्यूब, ब्लेड, वापरलेले डायपर, सुया. २०१६ च्या घनकचरा नियमांतही घरातला घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायला सांगितलं होतं. पण मुलांना इथे वर्गीकरण शिकवायचंच नाही. फक्त चित्रं दाखवा. चित्र दिसलं की दोन्ही हात पाठीमागे आणि मोठ्याने हाक, "आई!", "बाई!", "आजी!". हा खेळ पाच मिनिटांत संपतो. मात्र दर आठवड्याला एकदा घ्या, आणि खऱ्या वस्तू कधीच आणू नका.

## टप्पा ६: भंगारचं दुकान

तराजू, पोतं, नकली नोटा. दोन मुलं दुकानदार, बाकीची गिऱ्हाईक. दुकानदाराने तपासायचं: बाटली रिकामी आहे का, कागद कोरडा आहे का. ओलं असेल तर परत. तुम्ही चाळीस वेळा सांगता त्यापेक्षा दुसऱ्या मुलाने एकदा 'हे नाही घेणार' म्हटलेलं जास्त लागू पडतं. तराजू नसेल तर काठीच्या दोन टोकांना दोन पिशव्या बांधा.

दुसऱ्या दिवशी खऱ्या भंगारवाल्या काकांना बोलवा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, कारण तो त्यांचा धंद्याचा वेळ आहे. आपल्याकडे लहान मुलाला भीती घालायला 'भंगारवाला पोत्यात घालून नेईल' म्हणतात. ज्या माणसामुळे कागदाचा परत कागद होतो, त्याच्याबद्दल हे बोलणं मला सहन होत नाही. काका येण्याआधी पालकांना तसं स्पष्ट सांगा. मुलांनी साठवलेलं सामान त्यांच्या काट्यावर मोजू द्या, आलेले पैसे मुलांच्या हातात द्या.

मग पुढचा प्रवास सांगा, आणि तो आपल्या इथलाच सांगा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत. जुनं प्लास्टिक निवडून, धुऊन, वितळवून त्याचा दाणा करतात, दाण्याचा धागा ओढतात, धाग्याची चटई विणतात. मुलं बसली आहेत ती चटई उचलून दाखवा. वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक एकत्र वितळलं तर नीट एकजीव होत नाही, म्हणून निवडावं लागतं, हेही इथे सांगता येतं.

> थांबा: याच सुमारास शाळांमधून 'टाकाऊपासून टिकाऊ' स्पर्धेची सूचना येते. बाटलीला चमकी, थर्माकोल आणि गोंद फासून फुलदाणी केली की ती आठ दिवस कपाटावर बसते आणि नंतर कुठल्याच पोत्यात जात नाही. स्पर्धा घ्यायचीच तर चिकटवायचं काही नको, बांधायचं आणि अडकवायचं. ठिबकच्या जुन्या नळीचे, स्वच्छ धुतलेले, हातभर तुकडे जॉइनरने जोडून रिंग करा आणि उभ्या बाटल्यांवर फेका. खेळून झालं की नळीही काकांना देता येते.

## टप्पा ७: कागदाचा कागद

वर्तमानपत्राचे चार-पाच मोठे कागद मुलांकडून टिकलीएवढे फाडून घ्या. तुकडे मोठे राहिले तर लगद्यात गुठळ्या राहतात, आणि सगळ्यात जास्त कागद इथेच बिघडतो. रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी मुलांनी हाताने मळायचं, मग मोठ्या माणसाने मिक्सरमधून थोडा थोडा काढायचा किंवा खलबत्त्यात कुटायचा. लगदा पातळ ताकासारखा होईपर्यंत पाणी घाला.

जुन्या फोटोच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा. चौकट टोपल्यात बुडवून आडवी उचला, पाणी निथळू द्या, सुती कापडावर पालथी घाला, मागून चिंधीने टिपा आणि जाळी हळूच सोडवा. वरून दुसरं कापड ठेवून लाटणं फिरवा. कडक उन्हात ठेवू नका, कडा वळतात आणि कागद पापडासारखा होतो. सावलीत जवळजवळ वाळू द्या, मग पाटाखाली दाबा.

कागद राखाडी आणि खरखरीत होतो. तो पांढरा व्हावा म्हणून काही घालू नका. त्यावर प्रत्येकाने एक चित्र काढायचं, घडी घालायची, आणि मामाचं पत्र हरवलं खेळायचं, आपल्याच हाताने केलेल्या पत्राने. आमच्याकडे या खेळात पत्र कधी फाटत नाही, मुलं ते फार जपून ठेवतात.

## शेवटचा दिवस: कुंडी उकरणं

तिसाव्या दिवसाच्या आसपास काड्या बघून एकेक कोपरा मुलांना खुरप्याऐवजी हाताने उकरू द्या. सालीचा बहुधा मागमूस नसतो. कागद हाताला लागताच तुटतो, पानाच्या शिरा उरलेल्या असतात. पाकीट झटकलं की वरचं चित्रसुद्धा स्पष्ट दिसतं. काही समजावू नका, मुलांना बोलू द्या. नंतर हात साबणाने धुवायला लावा.

खेळाचं उरलेलं सामान आता मुलांसमोरच मार्गी लावा, साल-टरफलं खड्ड्यात, बाकी काकांच्या पोत्यात. 'कुणीच नेत नाही' खोकं भरलं असेल तर ते पालकसभेत टेबलावर ठेवा. दुकानातून काय आणायचं, हे मुलं ठरवत नाहीत.

कुंडीतलं पाकीट मात्र टाकू नका. धुऊन त्यावर पक्क्या शाईने तारीख लिहा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या कुंडीत तेच परत पुरा. आमच्या पाकिटावर आता तीन तारखा आहेत.